ग्रीनलंडचं नाव आणि ग्रीनलंडचं अस्वल

ग्रीनलंड बातम्यांत आलं की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बर्फाच्या बेटाला वायकिंगांनी ‘हिरवा देश’ म्हटलं आणि हिरव्या बेटाला ‘आइसलंड’, म्हणजे मागावर येणारे चुकीच्या वाटेने जावेत. मात्र ही दोन नावं एका माणसाने दिलेली नाहीत आणि एका काळातलीही नाहीत. आइसलंडचं नाव नवव्या शतकातलं. फ्लोकी नावाचा खलाशी नॉर्वेहून तिथे गेला, मासेमारीच्या नादात गुरांसाठी चारा साठवायचा राहिला आणि हिवाळ्यात जनावरं मेली. डोंगरावर चढून पाहिलं तेव्हा त्याला पलीकडची खाडी बर्फाने भरलेली दिसली. त्यावरून त्याने हे नाव ठेवलं, असं आइसलंडच्या जुन्या वसाहतनोंदी सांगतात.

ग्रीनलंडचं नाव त्यानंतर शतकाहून अधिक काळाने आलं. मनुष्यवधापायी आइसलंडमधून तीन वर्षांसाठी हद्दपार झालेला एरिक द रेड सन ९८२च्या सुमाराला पश्चिमेकडे गेला. परत आल्यावर त्याला वसाहतीसाठी माणसं हवी होती. नाव चांगलं असलं तर लोकांना तिथे जावंसं वाटेल, असं एरिक म्हणाल्याचं बाराव्या शतकातला आइसलंडचा इतिहासकार आरी थॉर्गिल्सन लिहितो. २५ गलबतं निघाली, त्यांपैकी १४ पोहोचली.

यावरून एरिकला लबाड ठरवणं मला पटत नाही. त्याने घर बांधलं ते दक्षिणेकडच्या खाडीकाठी, आजच्या कासिआर्सुक गावी. तिथे उन्हाळ्यात खरोखरच गवत उगवतं आणि आजही मेंढपाळी चालते. नाव त्या पट्ट्याला शोभणारं होतं, ते चिकटलं मात्र साऱ्या बेटाला. आता याच्या अगदी उलट दावाही ऐकू येतो, की एरिकच्या काळी ग्रीनलंड सगळंच हिरवं होतं, मग आज बर्फ वितळण्याची एवढी काळजी कशाला? हा गैरसमज जास्त घातक आहे. बेटाचा सुमारे ८० टक्के भाग बर्फाखाली आहे आणि मध्यभागी खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाचे खालचे थर लाखाहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत. एरिक आला तेव्हा हा बर्फ तिथेच होता.

अकराव्या शतकात ब्रेमेनचा आडम या जर्मन इतिहासकाराने तर लिहून ठेवलं, की समुद्राच्या खाऱ्या पाण्यामुळे तिथली माणसंच हिरवट असतात आणि नाव त्यावरून पडलं!

एरिकने बेट ‘शोधलं’ हेही तितकंसं खरं नाही. इसवी सनापूर्वी सुमारे २५०० वर्षांपासून तिथे माणसांच्या वस्त्या होत्या. नवागतांना घरांचे अवशेष, होड्यांचे तुकडे, दगडी हत्यारं सापडली, हे आरीनेच नोंदवलं आहे. आजच्या ग्रीनलंडवासीयांचे इन्युइट पूर्वज मात्र एरिकनंतर उत्तरेकडून आले. त्यांच्या भाषेत देशाचं नाव कलाल्लित नुनात, म्हणजे कलाल्लितांची भूमी. कलाल्लित हे मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरचे लोक. पूर्वेचे तुनुमीत आणि उत्तरेचे इनुघुइत स्वतःची वेगळी ओळख सांगतात. २००९ साली स्वशासन आलं आणि ग्रीनलंडिक ही एकमेव राजभाषा झाली.

नावासारखाच मानचिन्हाबद्दलही घोळ आहे. निळ्या ढालीवरचं पांढरं अस्वल म्हणजे इन्युइटांचं प्राचीन चिन्ह, असं बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात ते कोपनहेगनमध्ये जन्मलं. १६६६च्या सुमाराला राजा फ्रेडरिक तिसरा याच्या राजचिन्हात हे अस्वल आलं आणि तेव्हा त्या राजाचा एकही माणूस ग्रीनलंडमध्ये राहत नव्हता. एरिकच्या लोकांच्या, म्हणजे नॉर्स, वसाहती पंधराव्या शतकात संपल्या होत्या. त्यांच्याबद्दलची शेवटची लेखी नोंद १४०८ सालच्या एका लग्नाची. १२६१ मध्ये ग्रीनलंडने नॉर्वेच्या राजाचं स्वामित्व मानलं होतं, पुढे नॉर्वेचा मुकुट डेन्मार्कच्या राजाकडे आला, एवढ्या जुन्या हक्कावर हे अस्वल ढालीवर चढलं. हान्स एगेदे हा पाद्री नॉर्स वंशजांच्या शोधात तिथे पोहोचला तो १७२१ मध्ये आणि त्याला भेटले इन्युइट.

ग्रीनलंडवासीयांनी या परक्या चिन्हाचं जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. स्थानिक कलाकार येन्स रोसिंग यांनी ते नव्याने रेखाटलं आणि १ मे १९८९ रोजी तिथल्या संसदेने ते स्वीकारलं. डेन्मार्कच्या राजचिन्हातलं अस्वल उजवा पंजा उचलत असे, रोसिंग यांचं डावा उचलतं, कारण ध्रुवीय अस्वल डावखुरं असतं असं इन्युइट परंपरा मानते. या समजुतीला वैज्ञानिक पुरावा नाही. पण ढालीवर आपल्या आजोबा-पणजोबांनी सांगितलेलं अस्वल असावं, हा त्यांचा आग्रह मला रास्त वाटतो. निळा रंग भोवतालच्या अटलांटिक आणि आर्क्टिक महासागरांचा.

ताजा गैरसमज २०२५च्या सुरुवातीचा. डेन्मार्कचे राजे फ्रेडरिक दहावे यांचं नवं राजचिन्ह जाहीर झालं, त्यात अस्वल ठळक दिसलं, आणि डोनाल्ड ट्रम्प यांना उत्तर म्हणून राजाने ते नव्याने घातलं असं पसरलं. अस्वल नवं नव्हतं. आधीच्या ढालीत ते फॅरो बेटांचा मेंढा आणि डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांच्या जुन्या काल्मार संघाचे तीन मुकुट यांच्यासोबत एकाच चौकटीत दाटीने बसलं होतं. आता मुकुट गेले, मेंढा आणि अस्वल यांना स्वतंत्र चौकट मिळाली. हा बदल मंजूर झाला २० डिसेंबर २०२४ रोजी. ग्रीनलंड ताब्यात हवं हे ट्रम्प यांचं त्या महिन्यात गाजलेलं विधान त्यानंतर दोन दिवसांनी आलं.