निवारा रिकामा झाला, म्हणजे नक्की काय झालं?

एक वाक्य घ्या : ‘गरज कमी झाल्याने तात्पुरता निवारा बंद करण्यात आला.’ शहरी बेघरांवर काम करायचं ठरवलंत, तर अशा अर्थाचं वाक्य कुठल्या ना कुठल्या टिपणात तुम्हाला भेटणारच. वाचताना ते खटकत नाही. पण त्यात दोन वेगळी विधानं एकमेकांना चिकटवलेली आहेत. रात्री झोपायला येणाऱ्यांची संख्या घटली, हे मोजमाप. बेघर माणसांना आता निवाऱ्याची गरज उरली नाही, हे अनुमान. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी कशी मारली, हे कोणी विचारत नाही. आजची पोस्ट त्या उडीबद्दल आहे.

माझं शिक्षण संख्याशास्त्रातलं, त्यामुळे मी हा विषय रजिस्टरच्या बाजूने सांगणार आहे. समाजकार्य किंवा लोकप्रशासनातून येणाऱ्यांनी घाबरू नका, गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

उदाहरण दिल्लीचं घेऊ, कारण तात्पुरते निवारे तिथे दरवर्षी उभे राहतात आणि दरवर्षी उतरवले जातात. दिल्लीत रैनबसेऱ्यांचं काम दिल्ली शहरी निवारा सुधार मंडळाकडे, म्हणजे ‘डूसिब’कडे आहे. पक्क्या इमारती आणि पोर्टा केबिन वर्षभर चालतात. थंडीसाठी त्यात तंबूंची भर पडते, साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. रोजचं काम स्वयंसेवी संस्थांकडे दिलेलं असतं. निवाऱ्याचे निकष राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या योजनेत लिहिलेले होते : एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा. आपल्याकडे महापालिकांची ‘शहरी बेघर निवारा केंद्रं’ आहेत, ती याच योजनेतली.

निवारा चालवणं म्हणजे छप्पर आणि ब्लँकेट एवढंच असतं असं समजू नका. रात्री दोन वाजता भांडण सोडवणारा माणूस लागतो, म्हणून केअरटेकर पाळ्यांमध्ये असतात. संडास तुंबला तर सकाळी सहाला सगळे बाहेर जातात आणि त्यातले काही परत येत नाहीत. सामान ठेवायला कुलपाची जागा नसेल तर ज्याच्याकडे हातगाडी किंवा अवजारं आहेत तो आत येतच नाही, तो त्यांच्याशेजारी फुटपाथवर झोपतो. आणि निवारा कामाच्या जागेपासून चार किलोमीटर लांब असेल तर पहाटे मजूरनाक्यावर उभं राहणाऱ्याला तो असून नसल्यासारखा. म्हणजे ‘६० पैकी ४१ जागा भरल्या’ या आकड्यात गरज आहे, संडास आहे, कुलूप आहे आणि अंतरही आहे. रजिस्टर मात्र फक्त ४१ सांगतं.

आता गणित. समजा तंबू ६० जणांचा आहे, १२० दिवस चालला आणि रोज पूर्ण भरला. हे आकडे मी हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेत. ५० जागांवर तीच ५० माणसं पूर्ण हंगाम राहिली. उरलेल्या १० जागांवर माणसं सरासरी तीन दिवस राहून पुढे गेली. मग एका जागेवर हंगामात ४० जण झोपले, दहा जागांवर ४००. एकूण ४५० माणसं.

आता दोन विद्यार्थी अभ्यासाला येतात. पहिली जानेवारीतल्या एका रात्री जाऊन सर्वेक्षण करते. तिला ६० पैकी ५० माणसं दीर्घकाळ राहणारी दिसतात, म्हणजे ८३ टक्के. ती लिहिते की निवाऱ्यात मुख्यतः कायमचे बेघर राहतात. दुसरा संपूर्ण हंगामाचं रजिस्टर उतरवून घेतो. त्याला ४५० पैकी ५० दिसतात, ११ टक्के. तो लिहितो की निवारा हा बहुतेकांसाठी दोन-तीन रात्रींचा टप्पा आहे. दोघांची आकडेमोड बरोबर आहे, निवारा एकच आहे, आणि प्रबंध एकमेकांच्या विरुद्ध.

कारण एका रात्रीच्या मोजणीत तुम्ही साठा मोजता, आणि साठ्यात जास्त दिवस राहणारा माणूस सापडण्याची शक्यता जास्त असते. हंगामाच्या मोजणीत प्रवाह मोजता. दोघांना जोडणारं सूत्र रांगांच्या शास्त्रात आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं : आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे रोज येणारे गुणिले सरासरी मुक्काम. इथे रोज येणारे ४५० भागिले १२०, म्हणजे ३.७५. सरासरी मुक्काम १६ दिवस. ३.७५ गुणिले १६ बरोबर ६०. सूत्र जुळलं. पण गंमत बघा, १६ दिवस राहणारा माणूस त्या तंबूत एकही नाही. कोणी ३ दिवस, कोणी १२०. अहवालात ‘सरासरी मुक्काम १६ दिवस’ वाचलंत की आधी वितरण मागा.

हा फरक नुसता वहीतला नाही. रँडल कून आणि डेनिस कलहेन यांनी १९९८ मध्ये न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया इथल्या निवाऱ्यांच्या नोंदी वापरून एकट्या प्रौढांचे गट पाडले. सुमारे ८० टक्के लोक थोडक्या काळासाठी येऊन जाणारे निघाले, सुमारे १० टक्के पुन्हा पुन्हा येणारे, आणि सुमारे १० टक्के दीर्घकाळ राहणारे. या शेवटच्या गटाने निवाऱ्याचे जवळपास निम्मे दिवस वापरले होते. या निबंधाचा धोरणांवर मोठा परिणाम झाला. मात्र ही टक्केवारी उचलून दिल्लीला किंवा पुण्याला लावू नका. तिथल्या नोंदींत माणसाची ओळख वर्षानुवर्षं जोडता येत होती. आपल्याकडे तोच माणूस एका निवाऱ्यात ‘राजू’ आणि दुसऱ्यात ‘राजकुमार’ असू शकतो, आणि तो काही खोटं बोलत नसतो.

आता बंद होण्याकडे येऊ. आपल्या उदाहरणातल्या ५० जणांचा मुक्काम १२० दिवस लिहिला आहे. हा १२० कुणाचा आकडा? त्या माणसांचा नाहीच, तंबूचा. तंबू ९० दिवसांत उतरवला असता तर रजिस्टरने ९० लिहिले असते. माणसाचा मुक्काम किमान १२० दिवस होता, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. संख्याशास्त्रात याला सेन्सॉरिंग म्हणतात : घटना घडण्याआधीच निरीक्षण थांबलं. अशा नोंदींसाठी कापलान-मायर पद्धत १९५८ पासून आहे, आणि रुग्णांच्या अभ्यासात ती सर्रास वापरतात. ती वापरताना प्रत्येक नोंदीपुढे एक खूण लागते : माणूस स्वतः गेला की निवारा बंद झाला. रजिस्टरमध्ये हा रकाना नसेल तर पहिल्याच दिवशी तुम्ही स्वतःच्या वहीत तो आखा. नंतर ती माहिती कुठूनही परत मिळत नाही.

निवारा रिकामा होण्याचा आलेख कारण सांगत नाही, फक्त उतार दाखवतो. मार्चमध्ये दिल्लीत उकडायला लागतं, तंबूत डास होतात, माणसं स्वतःहून बाहेर झोपतात. त्यांची थंडी संपली, बेघरपण नाही. एम्सच्या परिसरातल्या रैनबसेऱ्यांत बाहेरगावचे रुग्ण आणि नातेवाईक राहतात, ते उपचार संपले की गावी जातात. (परळला टाटा रुग्णालयाबाहेरचा फुटपाथ पाहिला असेल तर हे चित्र ओळखीचं वाटेल.) २०२० च्या टाळेबंदीत शाळा-सभागृहांत स्थलांतरित मजुरांसाठी तात्पुरते निवारे उघडले होते. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या आणि मजूर आपापल्या गावी परतू लागले. त्यांना घर होतं, वाट नव्हती. तिन्ही ठिकाणी आलेख खालीच उतरतो.

आणि चौथा प्रकार. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत पुसा रोडच्या गोलचक्करावरचा तात्पुरता निवारा महापालिकेने हटवला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांची तयारी सुरू होती, कारण सुशोभीकरणाचं होतं. दोनशेहून अधिक माणसं ऐन थंडीत उघड्यावर आली, आणि थंडीने मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात नेमलेल्या आयुक्तांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाने निवारे तातडीने उभे करायला सांगितलं. पुढे हा विषय इतर राज्यांपर्यंत गेला आणि मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही वर्षभर आणि चोवीस तास, ही अट त्यातूनच आली. तंबूच्या रजिस्टरमध्ये मात्र शेवटची ओळ कशी दिसली असती? उपस्थिती शून्य. २०२० मध्ये मजूर निघून गेल्यावर शाळेच्या रजिस्टरमध्येही शून्यच.

म्हणून बंद होणाऱ्या निवाऱ्याचा अभ्यास करायचा असेल तर ‘किती उरले’ हा प्रश्न दुय्यम, ‘कुठे गेले’ हा मुख्य. आणि इथेच विदा सगळ्यात कच्ची असते. समजा शेवटच्या ५० जणांपैकी महिन्याभराने तुम्हाला २० सापडले, त्यातल्या १५ जणांना कुठेतरी छप्पर मिळालं होतं. ‘७५ टक्के पुनर्वसन’ असं लिहायचा मोह होईल. पण जे ३० सापडले नाहीत ते योगायोगाने हरवलेले नाहीत. ज्याला खोली मिळाली त्याचा पत्ता असतो, फोन चार्ज असतो. ज्याचा फोन झोपेत चोरीला गेला तोच सापडत नाही. मग प्रामाणिक उत्तर काय? दोन टोकं काढा. न सापडलेले सगळे रस्त्यावर आहेत असं धरलं तर ५० पैकी १५, म्हणजे ३० टक्के. सगळ्यांना घर मिळालं असं धरलं तर ४५, म्हणजे ९० टक्के. तुमच्याकडच्या विदेवरून एवढंच म्हणता येतं : ३० ते ९० च्या मधे कुठेतरी. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स मान्स्की यांनी अशा मर्यादा काढण्याची रीत रूढ केली. मार्गदर्शक म्हणतील, एवढी रुंद पट्टी कोण छापणार? माझं मत, ७५ पेक्षा ही पट्टी छापावी. कारण ७५ हा आकडा पुढच्या वर्षी तंबूंची संख्या ठरवणाऱ्या बैठकीत वाचला जाईल, आणि तुमची तळटीप तिथे कोणी वाचणार नाही.

पट्टी अरुंद करायचा रस्ता एकच, न सापडलेल्यांची संख्या कमी करणं. ते काम निवारा उघडा असतानाच करावं लागतं. फोन नंबरावर विसंबू नका. सकाळी चहा कुठे घेतोस, जेवण कुठल्या गुरुद्वारा-मंदिराबाहेर मिळतं, काम कुठल्या नाक्यावर, आजारी पडलास तर कुणाला कळवायचं, असे तीन-चार धागे नोंदवा. त्याआधी संमती घ्या, आणि ती घेताना स्पष्ट सांगा की नकार दिल्याने आजची जागा जाणार नाही. केअरटेकरला संमती घ्यायला लावू नका, कारण जागा देणारा तोच असतो. धागे आणि नावं वेगवेगळ्या वहीत ठेवा. पोलिसांनी यादी मागितली तर काय करायचं, हे आधीच मार्गदर्शकांशी बोलून ठेवा.

निवारा बंद करणाऱ्या संस्थेशी बोलाल तेव्हा एक तारीख नक्की विचारा : नवीन माणसं घेणं कधी थांबवणार? प्रवेश आधी थांबवून आतल्यांची सोय लावत लावत बंद केलेला निवारा आणि एका सकाळी उतरवलेला निवारा यांची विदा एकत्र करून चालत नाही. पहिल्यात शेवटच्या आठवड्यांत फक्त जुनी माणसं उरतात, सरासरी मुक्काम आपोआप फुगतो, आणि दारातून परत पाठवलेला माणूस कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. परत पाठवलेल्यांची मोजणी दारावर बसून तुम्हालाच करावी लागेल.

आणि वेळेचा हिशेब. तंबूचं आयुष्य चार महिने. तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी यायला दोन-तीन महिने सहज जातात, संस्थेचं पत्र मिळायला आणखी काही आठवडे. नोव्हेंबरमध्ये अर्ज केलात तर परवानगी हातात येईपर्यंत तंबू उतरवायची वेळ झालेली असेल. या हिवाळ्याचा अभ्यास करायचा असेल तर अर्ज जुलैत टाका.