मिरचीच्या गावातली दाढी

हिवाळ्याच्या तोंडाशी ओली लाल मिरची नंदुरबारच्या बाजारात यायला लागते आणि शहराभोवतीच्या पथाऱ्या लाल होतात. मिरची पसरायची, उलटायची, देठ खुडायचे, पोती भरायची. माणसे दिवसभर त्या ठसक्यात वावरतात. दाढीचे क्रीम आणि नाजूक त्वचा या विषयावर लिहायचे ठरले, तेव्हा संपादकांच्या मनात एखादी कंपनी होती. मला मात्र हे गाव आठवले. नुकत्याच दाढी केलेल्या गालाची इतकी कडक परीक्षा दुसरीकडे कुठे होत असेल असे मला वाटत नाही.

बाजाराजवळच्या एका सलूनमध्ये मी बराच वेळ बसलो. वडिलांकडून वस्तरा हाती आलेले, पन्नाशीचे कारागीर तिथे काम करतात. गिऱ्हाईक खुर्चीत टेकले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, आज पथारीवर जानं शे का?" उत्तर हो असेल, तर ते उलटी दाढी करत नाहीत. खुंट थोडे राहू देतात आणि आफ्टरशेव्हची बाटली उचलतच नाहीत. याचे शास्त्र त्यांना कोणी शिकवलेले नाही. भाजलेल्यासारखे लाल झालेले गाल घेऊन परतणारी माणसे पाहून त्यांनी ही पद्धत बसवली आहे, आणि शास्त्र नेमके त्यांच्याच बाजूने आहे.

क्रीमचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत १९१९ मध्ये फ्रँक शील्ड्स यांनी ब्रशशिवाय लावायचे क्रीम काढले. साबणाच्या फेसाने चुरचुरणाऱ्या गालांसाठीच ते होते. म्हणजे नाजूक त्वचेची तक्रार ट्यूबवरच्या आजच्या जाहिरातींहून कितीतरी जुनी आहे.

आपल्याकडे सलूनमध्ये चालते ते फेसाचे क्रीम. त्याचा मोठा भाग स्टिअरिक आम्लाचा असतो, जोडीला खोबरेल तेलातली आम्ले. त्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि थोडे सोडियम हायड्रॉक्साइड घातले की साबण तयार होतो. पोटॅशियममुळे तो मऊ राहतो, ग्लिसरीनमुळे फेस लवकर सुकत नाही. थोडे स्टिअरिक आम्ल मुद्दाम शिल्लक ठेवतात. क्रीमवरची मोत्यासारखी चमक त्याच्याच बारीक स्फटिकांची. सातपुड्यात हिवाळ्यात भेगांना लावतात त्या मोहाच्या बियांच्या तेलातही हेच आम्ल भरपूर असते.

मला खिळवून ठेवले ते या मिश्रणाच्या हट्टाने. निरोगी त्वचेचा सामू पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. फेसाच्या क्रीमचा सामू नऊ ते दहा. तो खाली आणावा, तर साबण पुन्हा मेदाम्लात मोडतो आणि फेस बसतो. ज्या गुणामुळे केसावरचा तेलकटपणा सुटून पाणी आत शिरते, त्याच गुणामुळे त्वचेचा वरचा थर फुगतो आणि त्यातला स्निग्धांश निघून जातो. त्यावर पाते फिरते, आणि केसाबरोबर त्या थराचा अंशही खरवडला जातो. धडधाकट त्वचा काही तासांत आपला सामू परत मिळवते. नाजूक त्वचेला जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळात ती उघडी असते.

उघड्या त्वचेवर मिरचीची धूळ बसते. मिरचीतले कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या टोकांवरच्या एका ग्राहीला चिकटते. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले. एरवी तो सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेला जागा होतो, कॅप्सेसिन त्याला उष्णतेविना जागे करते. अल्कोहोल तर त्याची मर्यादाच खाली आणते, इतकी की शरीराची स्वतःची ऊबही पोळू लागते. सलूनमधली ती न उचललेली आफ्टरशेव्हची बाटली इथे आठवावी. क्रीममधल्या मेंथॉलचा ग्राही वेगळा आहे, थंडी सांगणारा. गाल गार वाटतो, पण तापमान तसूभर उतरलेले नसते आणि सोललेला थरही भरून आलेला नसतो.

आग झाली की बहुतेक जण तोंडावर पाण्याचे हबके मारतात. कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. आधी तेलाचे बोट हलक्या हाताने फिरवून ते पुसून घ्यावे आणि मग सौम्य साबणाने धुवावे. डोळ्यांजवळ मात्र तेल नेऊ नये.

आमचे कारागीर क्रीमच्या नावापेक्षा पाण्याला मान देतात. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गालावर ठेवून ते थांबतात आणि मगच ब्रश फिरवतात. दोन-तीन मिनिटांत दाढीचा केस पाणी पिऊन मऊ होतो आणि पात्याला जोर कमी लागतो. बोअरचे जड पाणी त्यांना नको असते. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडली की फेस मरतो आणि त्वचेवर चिकट साका उरतो. एवढे धीराने काम करणारा माणूस पाहून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

काळजी वाटली ती पुढच्या गोष्टींची. तुरटीचा खडा रक्त थांबवतो, आम्लधर्मी असल्याने साबणानंतर त्याचा उपयोगही आहे. पण अनेक सलूनमध्ये एकच खडा सगळ्या गालांवरून फिरतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरू शकतो. पाते प्रत्येक वेळी नवे आणि खडा तोच, याला सुरक्षितता म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण वेष्टनावर आहे. घटकांची यादी छापलेली असते, पण सुगंधासाठी एकच शब्द, आणि त्याआड कितीतरी रसायने. त्यांतली लिनालूल आणि लिमोनीन हवेशी संयोग पावली की ॲलर्जी उठवू शकतात. साबणाची चुरचुर लगेच होते आणि ओसरते. ॲलर्जीची खाज एक-दोन दिवसांनी येते, म्हणून दोष क्रीमचा आहे हे माणसाच्या ध्यानातही येत नाही. तो मिरचीला, उन्हाला, पाण्याला बोल लावतो आणि तेच क्रीम पुन्हा लावतो.

तिसरी अडचण सर्वांत वाईट. लाल गाल घेऊन माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे स्टिरॉइड असलेले मलम आणतो. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून तो रोज दाढीनंतर ते लावतो. काही आठवड्यांत चेहऱ्याची त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, मलम थांबवताच आग उसळते. गालावर गजकर्ण असेल तर स्टिरॉइडखाली ते दबून पसरत राहते, आणि वस्तरा ते आणखी पुढे नेतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली, तरी देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ आजही असे चेहरे तपासत आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलेल्या मजुराला तज्ज्ञाकडे जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे वेगळे. मलमाची नळी मात्र वाटेवरच्या दुकानात मिळते. सलूनमध्ये अशी नळी खिशातून काढून "हेच लावा" म्हणणारी गिऱ्हाइके येतात. कारागीर ती हातात घेत नाहीत. पंधरा दिवस दाढी वाढू द्या आणि सरकारी दवाखान्यात गाल दाखवा, असे ते सांगतात, आणि त्या पंधरा दिवसांचे गिऱ्हाईक गमावतात.