गुहेत जाणाऱ्या मुलांसाठी : ओव्हरसूट कसा निवडावा?

गेल्या वर्षी सप्टेंबरात आमची धाकटी शेफील्डला युनिव्हर्सिटीत दाखल झाली. पहिल्याच आठवड्यात तिथे निरनिराळ्या क्लबांची जत्रा भरते. बॅडमिंटन, फार तर नाटक, अशा कशात तरी ती नाव घालील असा आमचा अंदाज होता. तिने नाव घातले केव्हिंग क्लबात! म्हणजे जमिनीखालच्या गुहांत आणि बंद पडलेल्या खाणींत रांगत, सरपटत हिंडायचे.

आमच्या सौ.ना गुहा म्हटले की कार्ल्या-भाज्याची लेणी आठवतात. पायऱ्या चढाव्या, सावलीत डबा खावा, परत यावे. पण लेणी माणसांनी कातळात कोरलेली असतात. इथल्या गुहा पाण्याने हजारो वर्षे चुनखडीचा दगड विरघळवून केलेल्या आहेत, आणि ते पाणी अनेक ठिकाणी अजून वाहतेच आहे. हा फरक आमच्या ध्यानात यायला जरा उशीर झाला.

महिन्याभराने फोन आला. "बाबा, मला ओव्हरसूट घ्यायचाय. शंभर-सव्वाशे पौंड लागतील." मी म्हणालो, "चिखलात लोळायला सव्वाशे पौंड? माझा जुना रेनकोट आहे, तो घेऊन जा." हा रेनकोट घालून मी राजगड-तोरणा केला होता, त्यामुळे त्याच्यावर माझा फार विश्वास. क्लबाकडे उसने सूट होते, पण तिच्या मापाचा एकच, आणि त्या दिवशी तो दुसऱ्या मुलीने घेतला. आमच्या कन्येने खाली जीन्स घातली, वर माझा रेनकोट चढवला आणि ती गुहेत शिरली.

अर्ध्या तासात रेनकोटाची दोन्ही कोपरे फाटली. जीन्स कमरेपर्यंत भिजली. तासाभराने ती कुडकुडू लागली, मग तिची जीभ जड झाली आणि साधी गाठ बांधायला बोटे वळेनात. नेता मुलगा जाणता होता. त्याने तिला कोरडी टोपी घातली, चॉकलेट खाऊ घातले आणि सगळ्यांनाच माघारी फिरवले. ती सुखरूप बाहेर आली. हे सारे तिने आम्हाला नाताळच्या सुट्टीत सांगितले, तेव्हा सौ. माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. चूक माझी होती. त्यानंतर क्लबातल्या अनुभवी मुलांना विचारून, दुकानात उभे राहून मी जे शिकलो, ते आपल्या मंडळातल्या इतर आई-बाबांसाठी लिहितो आहे.

खरा शत्रू थंडी

ब्रिटनमधल्या गुहांत बाराही महिने साधारण 8 ते 10 अंश सेल्सिअस तापमान असते. एवढ्या थंडीत आपण रस्त्यावर कोट घालून मजेत हिंडतो. पण अंग भिजले की हिशेब पालटतो, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून नेते. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, म्हणून जीन्स, सुती बनियन, सुती मोजे गुहेत पूर्ण वर्ज्य.

म्हणून कपडे दोन थरांत घालतात. आत फ्लीसचा अखंड सूट, जो ओला झाला तरी थोडीफार ऊब राखतो. त्यावर ओव्हरसूट, म्हणजे जाड कापडाचा गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध अंगरखा. त्याची कामे तीन : दगडाचे घासणे सोसणे, पाणी आणि वारा अडवणे, आणि आतला फ्लीस शाबूत ठेवणे. फाटलेला ओव्हरसूट म्हणजे भिजलेला फ्लीस, आणि भिजलेला फ्लीस म्हणजे गारठलेले मूल. सव्वाशे पौंड कशाचे, ते मला इथे कळले.

चालत असताना अंग गरम राहते. खरी परीक्षा थांबल्यावर होते. नोव्हेंबर 2021 मध्ये साउथ वेल्समधल्या ओगोव्ह फनन दी या गुहेत एक अनुभवी गृहस्थ पडून जबर जखमी झाले. शेकडो स्वयंसेवकांनी खपून त्यांना बाहेर काढले, पण त्याला दोन दिवसांहून अधिक वेळ लागला. म्हणून सूट निवडताना "चालताना कसा वाटतो" एवढेच पाहू नये. "पाय मुरगळून चार तास बसावे लागले तर काय?" हेही विचारावे.

कापड कोणते घ्यावे?

बाजारात मुख्यतः दोन कापडे दिसतात.

पहिले कॉर्डुरा. हे जाड विणीचे नायलॉन. त्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. 9000 मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. सूटासाठी 1000 डेनियरचे कापड नेहमीचे. दगडावर घासण्याला ते फार चिवट, अंगावर मऊ आणि घाम थोडा तरी बाहेर सोडणारे. आतून लेप दिलेला असतो, पण तो वापराने झिजतो आणि मग पाणी आत येऊ लागते. कोरड्या किंवा थोड्या ओलसर गुहा, खूप सरपटणे आणि खाणीतले खरखरीत दगड यांसाठी हे उत्तम.

दुसरे पीव्हीसी. कापडावर प्लॅस्टिकचा जाड थर. पाणी आत येऊ देत नाही, चिखल त्यात मुरत नाही, धुवायला सोपे. धबधबे आणि गार पाण्याचे ओढे असतील तर हेच बरे. उणेपण असे की अंगाला ताठर लागते, घाम आतच राहतो आणि धारदार कडेने चीर पडू शकते. मात्र ती चीर ठिगळ आणि गोंद लावून चांगली बुजते.

गळ्यापर्यंत पाण्यातून जायचे असेल तर दोन्ही अपुरी. तिथे निओप्रीनचा वेटसूट लागतो. म्हणून दुकानात जाण्याआधी मुलाला एकच प्रश्न विचारा : "तुमचा क्लब बहुतेक वेळा कुठे जातो?"

दोन गोष्टी टाळाव्या. डोंगरावर घालायचे महागडे रेनजॅकेट एका फेरीत चाळण होते. आणि गॅरेजमधला सुती मिश्रणाचा बॉयलरसूट एखाद्या छोट्या कोरड्या गुहेत चालून जाईल, पण पाण्यात तो गोधडीसारखा जड होतो.

माप आणि शिवण

सूट कधीही नुसत्या शर्टावर घालून पाहू नये. आतला फ्लीस घालून दुकानात जावे. मग उकिडवे बसावे, गुडघा छातीला लावावा, दोन्ही हात डोक्यावर ताणावे. दोन पायांच्या मध्ये, शिंपी ज्याला आसन म्हणतात तिथे, ओढ बसली तर सूट पहिल्या चार फेऱ्यांत तिथेच उसवणार. उलट फार ढगळ सूट अरुंद फटीत अडकतो आणि त्यात पाणी साठते.

आपल्या मुलींना इथे विशेष अडचण येते. बरेच सूट उंच पुरुषांच्या मापाने बेतलेले असतात. बाह्या लोंबतात, आसन गुडघ्याकडे येते. काही कारखाने मापे घेऊन शिवून देतात. थोडे जास्त पैसे पडले तरी ते वसूल होतात.

बाकी पाहण्याच्या गोष्टी अशा :

गुडघे, कोपरे आणि बैठक यांवर कापडाचा दुसरा थर हवा.

शिवण दुहेरी हवी. पीव्हीसीत सांधे चिकटवून बंद केलेले असावे.

पुढची चेन मोठ्या दातांची आणि वर झाकणपट्टी असलेली हवी. बारीक चेन चिखलाने बसते. वेल्क्रो बसत नाही, पण चिखल भरला की त्याची पकड सुटते.

मनगट आणि घोटा आवळता यावा. सूटाचे पाय गमबुटांच्या बाहेरून यावेत, म्हणजे बुटात खडे जात नाहीत.

बाहेर लोंबणारे खिसे, नाड्या, कड्या नकोत. एक खिसा आतून असावा.

रंग भडक असावा. हौसेचा प्रश्न नाही. दिव्याच्या उजेडात माणूस दिसला पाहिजे.

खाणींविषयी थोडे अधिक

डर्बीशायर आणि उत्तर पेनाइन्समधल्या शिशाच्या, कॉर्नवॉलमधल्या कथलाच्या, वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणींतही ही मंडळी जातात. तिथे गंजलेले लोखंड, खिळे, धारदार दगड असतात, म्हणून कापड चिवटच हवे. पण कुठल्याही सूटाने ज्यापासून बचाव होत नाही असे धोकेही तिथेच आहेत. काही बोगद्यांत हवेतला प्राणवायू कमी झालेला असतो. काही ठिकाणी पायाखालची जमीन म्हणजे कुजलेल्या लाकडांवर साचलेला दगडांचा थर असतो आणि खाली पोकळ विहीर. ठाऊक असलेल्या माणसाशिवाय आणि मालकाच्या परवानगीशिवाय खाणीत पाऊल टाकू नये.

पुराचेही तसेच. जून 1967 मध्ये यॉर्कशायरच्या मॉसडेल गुहेत पाऊस पडून पाणी चढले आणि सहा तरुण गेले. तिथे कापडाचा उपयोग नसतो. आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज पाहून बेत रद्द करण्याचाच असतो.

पैशांचा हिशेब

पहिल्या तीन-चार फेऱ्या क्लबाचा उसना सूट घालून कराव्या. मुलाचा नाद टिकतो की नाही ते कळते. सूट मापाचा नसेल तर त्या दिवशी न जाणे हेच बरे. मग क्लबातल्या वरच्या वर्गातल्यांचे जुने सूट मिळतात का पाहावे. नवा घ्यायचाच तर असा हिशेब करावा : 120 पौंडांचा सूट 40 फेऱ्या टिकला तर फेरीमागे 3 पौंड पडले. 40 पौंडांचा बॉयलरसूट चार फेऱ्यांत फाटला तर फेरीमागे 10 पौंड, वर थंडी फुकट.

विम्याचेही पाहून घ्यावे. ब्रिटिश केव्हिंग असोसिएशनच्या सभासदत्वाबरोबर मिळणारा विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. स्वतःच्या हातपाय मोडण्यासाठी नव्हे. आयुर्विम्याच्या अर्जात धोक्याच्या छंदांविषयी प्रश्न असला तर खरे लिहावे, नाहीतर पुढे दावा फेटाळला जाऊ शकतो. परदेशी गुहांत जायचे असेल, मग ते फ्रान्समध्ये असो की आपल्या मेघालयात, तर साध्या प्रवासविम्यात केव्हिंग धरले आहे का ते आधी वाचावे. इथली गुहा-बचाव पथके स्वयंसेवकांची आहेत आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत. म्हणून त्यांच्या डब्यात चार पौंड टाकणे आपले कर्तव्य.

निगा आणि तब्येत

घरी आणलेला सूट न्हाणीघरात धुऊ नका. आमची मोरी एकदा तुंबली आहे. बागेत थंड पाण्याच्या नळीखाली मऊ ब्रशाने धुवावा, सावलीत वाळवावा. वॉशिंग मशिन आणि गरम ड्रायर यांनी लेप खराब होतो. लहान भोक दिसताच बुजवावे. एका देशातल्या गुहेत वापरलेले कपडे दुसऱ्या देशातल्या गुहेत नेऊ नयेत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात 2006 मध्ये वटवाघळांचा एक बुरशीचा रोग प्रथम दिसला आणि त्याने लाखो वटवाघळे मेली. ती बुरशी कपड्यांवरूनही पसरू शकते.

शरीराचे तापमान 35 अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. कुडकुडणे, बोलणे अडखळणे, बोटे न वळणे, उगाच चिडचिड या त्याच्या खुणा. कुडकुडणे थांबले आणि माणूस सुस्तावला तर प्रकृती अधिक बिघडली असे समजावे. कोरडे कपडे, पांघरूण द्यावे. शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय पाजावे. हातपाय चोळू नयेत, गरम पाण्याची आंघोळ घालू नये, ब्रँडी तर मुळीच देऊ नये. 999 ला फोन करावा. माणूस गुहेतच अडकला असेल तर पोलिस मागून "केव्ह रेस्क्यू" असे सांगावे.

गुहेतल्या पाण्यातून उंदरांच्या मुतामुळे वाइल्स डिसीज, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, होऊ शकतो. जाण्यापूर्वी जखमांवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना गुहेत गेल्याचे आवर्जून सांगावे.

आमच्या कन्येला वाढदिवसाला मापाप्रमाणे शिवलेला लाल कॉर्डुराचा सूट घेतला. सौ. दर फेरीला बरोबर शेंगदाण्याची चिक्की देतात. थंडीत तिच्यासारखा खाऊ नाही. जाताना ती आता कुठे जाते, किती जण आहेत आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची, हे वर असलेल्या मित्राला लिहून देते आणि आम्हालाही कळवते. रविवारी संध्याकाळी तो फोन येईपर्यंत मी पेपर उघडून बसतो, पण वाचत काही नाही. तुमच्या घरीही असा फोन येणार असेल, तर मुलाने मागितलेल्या सूटाला माझ्यासारखे चटकन नाही म्हणू नका. आधी विचारा : "तुमच्या गुहेत पाणी किती असते?"