रद्द झालेल्या क्रमांकाची गोष्ट

बँकेच्या खातेवहीत आकडा खोडरबराने पुसायचा नसतो. चुकला तर त्यावर लाल शाईची एक रेघ ओढायची आणि बाजूला सही करायची. रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे. आयुष्यभर बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला ही शिस्त संगणकाच्या दुनियेतही भेटली, तेव्हा जुना सहकारी भेटल्यासारखं वाटलं.

सॉफ्टवेअरमध्ये चोर शिरेल अशी फट सापडली की तिला क्रमांक मिळतो. 'सीव्हीई' नावाची ही नोंदवही अमेरिकेतल्या 'मायटर' या संस्थेने १९९९ साली उघडली. पहिल्या यादीत ३२१ नोंदी होत्या. तोवर एकाच फटीला जो तो आपापल्या मर्जीने नाव देई. दोन माणसं एकाच फटीबद्दल बोलताहेत की दोन निराळ्या, तेच कळत नसे. आज क्रमांक देण्याचा अधिकार जगभरच्या शेकडो संस्थांकडे आहे. आपली 'सर्ट-इन' त्यांपैकीच एक.

क्रमांक आधी नुसता राखून ठेवतात. नोंदीपुढे 'राखीव' एवढाच शेरा, तपशील कोरा. दुरुस्ती तयार होण्याआधी तो फुटला, तर चोराच्या हाती घराचा नकाशाच पडायचा!

२०१४ सालचं 'हार्टब्लीड' प्रकरण पाहा. इंटरनेटवरची गुपितं कुलूपबंद करणाऱ्या 'ओपनएसएसएल'मध्ये मार्च २०१२च्या आवृत्तीपासून फट होती. दोन वर्षं ती कुणाच्या ध्यानात आली नाही. मग गूगलचे नील मेहता आणि फिनलंडच्या 'कोडेनॉमिकॉन'चे अभियंते यांना ती स्वतंत्रपणे सापडली आणि एका फटीला दोन क्रमांक पडले. ७ एप्रिलला बातमी जाहीर झाली ती ०१६० या क्रमांकाने. ०३४६ रद्द झाला, पण पुसला गेला नाही. कुणाच्या कागदावर तो क्रमांक असलाच, तर त्याला 'हा वापरू नका' असं सांगायला ती नोंद जागेवर उभी आहे.

रद्द करून घेणं मात्र सोपं नाही. २०२३ साली 'कर्ल' या प्रणालीतल्या जुन्या, केव्हाच दुरुस्त झालेल्या दोषावर अचानक क्रमांक झळकला. धोका दहापैकी ९.८! कर्त्यांनी हरकत घेतली. धोका ३.३वर उतरला, पण नोंदीवर शेरा पडला तो 'वादग्रस्त' एवढाच. खोटी हाकाटी फुकट नसते. तिच्यामागे धावणाऱ्यांचं खऱ्या फटीकडे दुर्लक्ष होतं.

याहून मोठी काळजी वहीचीच. तिचा खर्च अमेरिकी सरकार करत आलं आहे. एप्रिल २०२५मध्ये कराराची मुदत १६ तारखेला संपत होती आणि आदल्या दिवसापर्यंत पुढचं काही ठरलेलं नव्हतं. अगदी शेवटच्या घटकेला अकरा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. वही साऱ्या जगाची आणि किल्ली एकाच घरी, हा व्यवहार कुठल्याही हिशेब तपासनिसाला खटकेल.

मोबाइलवर 'अपडेट करा' असा निरोप येतो, तेव्हा आपण तो वैतागून बाजूला सारतो. त्यामागे बहुधा असाच एखादा क्रमांक असतो. तो जाहीर झाला, की फट कुठे आहे हे चोरालाही कळलेलं असतं.