गाण्यानं बरं वाटतं हे मान्य, पण गाण्याच्या वर्गाचं बिल कोण भरणार?

समजा तुम्ही डॉक्टरांकडे गेलात. झोप लागत नाही, घरात बोलायला कुणी नाही, कशात जीव रमत नाही, असं सांगितलंत. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोळ्यांच्या जोडीला जवळच्या एका गाण्याच्या ग्रुपचा पत्ता दिला. दर बुधवारी दुपारी चार वाजता जायचं.

आपल्याकडे याची मीम बनेल. पण इंग्लंडमध्ये हे खरंच चालतं. त्याला सोशल प्रिस्क्राइबिंग म्हणतात. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, म्हणजे एनएचएसनं, जानेवारी 2019 च्या आराखड्यात ते अधिकृतपणे घेतलं. 2020-21 संपेपर्यंत हजाराहून जास्त 'लिंक वर्कर' नेमायचे आणि 2023-24 पर्यंत किमान 9 लाख लोकांना या वाटेनं पाठवायचं, असं ठरलं. लिंक वर्करचं काम म्हणजे पेशंटशी निवांत बोलायचं आणि त्याला गाणं, चित्रकला, विणकाम, बागकाम यांपैकी मानवेल अशा गटाशी जोडून द्यायचं.

ऐकायला छान वाटतं. आता यातली गोम बघा. लिंक वर्करचा पगार आरोग्यसेवा देते. पण तो पेशंटला ज्या गाण्याच्या ग्रुपकडे पाठवतो, त्या ग्रुपचं हॉलचं भाडं, शिकवणाऱ्याचं मानधन आणि चहाचा खर्च? तो बहुतेक वेळा ग्रुपनंच उभा करायचा. लॉटरीच्या निधीतून, नगरपालिकेच्या अनुदानातून, एखाद्या धर्मादाय संस्थेकडून, नाहीतर सभासदांच्या वर्गणीतून. म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्याला पगार आहे, पण औषधाच्या दुकानात माल कोण भरणार हे ठरलेलंच नाही.

आधी एक शंका: हे खरंच काम करतं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं नोव्हेंबर 2019 मध्ये कला आणि आरोग्य या विषयावर मोठा अहवाल काढला. त्यात 900 हून जास्त प्रकाशनांचा आढावा आहे. निष्कर्ष एकंदरीत अनुकूल आहे, पण सगळ्या अभ्यासांचा दर्जा सारखा नाही, हेही त्यात मान्य केलंय. 'कलेनं सगळं बरं होतं' असं कुणी सांगितलं तर सावध राहिलेलं बरं.

त्यापेक्षा एकच नीट केलेली चाचणी बघू. इंग्लंडच्या पूर्व केंट भागात साठी ओलांडलेल्या 258 जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटानं 14 आठवडे एकत्र गाणं गायलं, दुसऱ्याचं रोजचं आयुष्य चालू राहिलं. निकाल 2015 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री'त छापून आला. तीन महिन्यांनी मानसिक आरोग्याच्या मोजपट्टीवर गाणारा गट 4.77 गुणांनी पुढे होता. चिंता आणि नैराश्यही कमी होतं.

मग वर्ग संपला. सहाव्या महिन्यात पुन्हा मोजलं, तर तो फरक 2.35 वर आला होता.

हा आकडा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. फायदा पूर्ण गेला नाही, पण वर्ग बंद झाल्यावर साधारण अर्धाच उरला. म्हणजे हे व्यायामासारखं आहे, चालू असेपर्यंत उपयोग. आणि कलाप्रकल्पांना पैसा मिळतो तो नेमका उलट्या पद्धतीनं: एकदा, भरपूर आणि उद्घाटनाच्या फोटोसकट.

धारावीत काय झालं होतं?

आपल्याकडे असे प्रयोग झाले नाहीत असं नाही. 'स्नेहा' ही मुंबईतली संस्था सायन हॉस्पिटलच्या माजी अधिष्ठाता डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 मध्ये सुरू केली. माता-बालकांचं आरोग्य आणि महिलांवरचे अत्याचार हे तिचं मुख्य काम. या संस्थेनं 2012 मध्ये धारावीत 'देखा अनदेखा' हे प्रदर्शन भरवलं आणि 2015 मध्ये तीन आठवड्यांची 'धारावी बिएनाले'. प्रदर्शनाच्या आधी वस्तीतले लोक कलाकारांसोबत कार्यशाळांमध्ये बसून आरोग्याच्या प्रश्नांवर स्वतः वस्तू घडवत होते. बिएनालेमधला एक कापडी नकाशा बराच गाजला. बायकांनी धारावीचा नकाशा शिवला आणि हिंसा कुठे होते, ते त्यावर दाखवलं.

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर जी गोष्ट बाई लिहून देणार नाही, ती चार जणींत सुईदोरा हातात असताना बोलली जाऊ शकते. अशा प्रकल्पांची खरी कमाई तीच.

याला पैसा कुणी दिला? लंडनच्या वेलकम ट्रस्टनं. हा ट्रस्ट वैद्यकीय संशोधनासाठी ओळखला जातो. म्हणजे धारावीतल्या शिवणकामाचा निधी आला साता समुद्रापलीकडून. 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, कडक झाला. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं. मोठ्या संस्थेनं पैसे आणायचे आणि वस्तीतल्या छोट्या गटांना वाटायचे, ही वाट त्यामुळे मिटली.

मग आपल्याकडे पैसा आहे कुठे?

खासदार निधी? तो वर्षाला 5 कोटींचा असतो, पण मुख्यतः टिकाऊ कामांसाठी. त्यातून हॉल उभा राहील. हॉलमध्ये दर बुधवारी पेटी घेऊन बसणाऱ्या माणसाचं मानधन निघणार नाही. कुलूप लागलेली समाजमंदिरं आपल्याला नवी नाहीत.

सरकारी आरोग्य मोहिमांत कलापथकांना काम मिळतं, ते चांगलंच आहे. पण तिथे कला हा भोंगा असतो. कलाकार संदेश देतात, लोक ऐकतात. लोकांनी स्वतः गाणं, शिवणं, नाचणं ही वेगळी गोष्ट.

उरतो कंपन्यांचा सीएसआर. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे, 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कशावर, ते अनुसूची 7 मध्ये दिलंय. त्यात आरोग्य एका कलमात आणि कला-संस्कृती दुसऱ्यात. आपला प्रकल्प बरोबर मधल्या फटीत पडतो. आरोग्यवाले म्हणतात ही कला आहे, कलावाले विचारतात यात वारसा कुठे? कला-संस्कृतीच्या कलमाचा भर वारसा आणि पारंपरिक कलांवर आहे, त्यामुळे वस्तीतल्या साध्या गाण्याच्या गटानं 'प्रतिबंधात्मक आरोग्य' या बाजूनं अर्ज करणं जास्त सोपं.

एक नियम मात्र आपल्या बाजूचा आहे. एकदाच होणारा इव्हेंट, म्हणजे मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा वगैरे, सीएसआरमध्ये धरला जात नाही, असं सरकारनं 2014 मध्येच स्पष्ट केलंय. शिवाय 'चालू प्रकल्प' सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. म्हणजे एका दिवसाच्या महोत्सवापेक्षा वर्षभराचा वर्ग मागणं नियमांना धरून आहे.

अर्ज कुणी करायचा? दहा जणींच्या नव्या गटाला थेट पैसे मिळणं कठीण. नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम 8 ची कंपनी लागते, 12ए आणि 80जी नोंदणी लागते, सीएसआर-1 फॉर्म भरलेला लागतो आणि बाहेरच्या संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्यामुळे आधी एखादी जुनी संस्था गाठायची.

'फायदा झाला हे कसं दाखवणार?' असं कंपनी विचारणारच. जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-5 नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं, एवढंच त्यात विचारतात. सुरुवातीला आणि दर तिमाहीला ती भरून घेतली आणि हजेरी ठेवली, तर छोट्या प्रकल्पाला निदान सुरुवात करता येते.

आता खर्च मांडून बघू. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला. 20 जणांचा गट, वर्षाला 48 बैठका, हॉल फुकट. शिकवणाऱ्याला बैठकीचे 1500 रुपये, म्हणजे 72,000. चहा आणि साहित्य 500 प्रमाणे 24,000. न आलेल्यांना फोन करणारी, गरज पडली तर घरी जाऊन येणारी एक व्यक्ती महिना 3000 नं, म्हणजे 36,000. एकूण 1,32,000. दर माणशी दर बैठकीला साधारण 138 रुपये.

निधी कमी पडला की आधी कात्री लागते त्या फोन करणाऱ्या व्यक्तीला, कारण तो खर्च 'प्रशासकीय' वाटतो. सीएसआरमधली 5 टक्क्यांची प्रशासकीय मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे, तुमच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या माणसांना नाही. तेव्हा अर्जात ती ओळ 'प्रकल्प खर्च' या रकान्यातच लिहा.