'आयएसओ प्रमाणित' लिहिलंय, पण कशासाठी? नोकरीतली बदली आणि एजन्सीचे प्रमाणपत्र

मुलाला कंपनी पुण्याहून दुबईला पाठवते. घर शोधणे, मुलांची शाळा, व्हिसा, सामान, सगळे कंपनीने नेमलेली एजन्सी बघणार असते. मग एजन्सीचा माणूस येतो आणि पासपोर्ट, निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले मागतो. ही घरभराची अमानत कुणाच्या हाती देतोय, हे बघायला नको का?

आमच्या धाकट्या भावाच्या वेळी एजन्सीच्या पत्रकावर 'आयएसओ प्रमाणित' असे ठळक छापले होते. आम्ही प्रत मागवली. प्रमाणपत्र फक्त गोदामाच्या कामासाठी होते, आणि त्याची मुदतही संपलेली!

म्हणून ही प्रमाणपत्रे नीट समजून घेऊया.

आयएसओ ९००१ : हे कुठल्याही व्यवसायाला लागू होणारे मानक आहे. कामाची पद्धत ठरलेली आहे का, तक्रारींची नोंद होते का, चुका सुधारल्या जातात का, हे त्यात तपासतात. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते वेगळ्या प्रमाणन संस्था देतात. भारतात अशा संस्थांना एनएबीसीबी मान्यता देते. प्रमाणपत्र साधारण ३ वर्षांचे असते आणि मधल्या काळात दरवर्षी तपासणी होते.

फिडी-फेम : हे परदेशी सामान नेणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. फिडी ही त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली. तिच्या सदस्य कंपन्यांचे दर ३ वर्षांनी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून ऑडिट होते. पॅकिंग-गोदामासोबत कंपनीची आर्थिक स्थिती, लाचखोरीविरोधी नियम आणि ग्राहकाच्या माहितीची सुरक्षितता हेही बघतात.

युरा ग्लोबल क्वालिटी सील : घर, शाळा, स्थायिक होणे अशी मदत करणाऱ्या रिलोकेशन कंपन्यांसाठी युरोपियन रिलोकेशन असोसिएशनचा हा शिक्का आहे.

म्हणजे सामानाचा शिक्का असलेली कंपनी शाळा शोधण्यातही हुशार असेलच असे नाही. प्रत हातात आली की चार गोष्टी बघा : नाव त्याच कंपनीचे आहे का, कुठल्या शाखेला आणि कुठल्या कामाला दिले आहे, मुदत कधी संपते, आणि देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का. आयएसओची बरीच प्रमाणपत्रे 'आयएएफ सर्टसर्च'वर तपासता येतात. ती तिथे सापडली नाहीत तर देणाऱ्या संस्थेलाच विचारायचे. त्यात लाज कसली?

एक मात्र लक्षात ठेवा. प्रमाणपत्र कामाच्या पद्धतीची ग्वाही देते, तुमच्या कपाटाची नाही. सामानाची यादी सही करून घ्या, विमा कुणाच्या नावावर आहे ते विचारा, मूळ कागद दिल्यास पोच घ्या. एजन्सी कंपनीने नेमली असेल तर हे प्रश्न कंपनीच्या एचआरला लेखी विचारा. पैसे कंपनी भरते, पण हरवलेल्या दाखल्यासाठी हेलपाटे आपल्यालाच घालावे लागतात.