टीएलडी बॅज: किरणांचा हिशेब ठेवणारी चकती

कारंजा लाडमध्ये काय किंवा मुंबईत काय, हात मोडला की आधी एक्स-रे निघतो, मग प्लास्टर चढते. हे प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. गंमत अशी, की एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवरच्या, त्याच्यावर पडलेल्या किरणांची मात्रा मोजणाऱ्या टीएलडी बॅजमध्येही तेच रसायन असते. फक्त त्यात डिस्प्रोसियमचा अंश मिसळून, टेफ्लॉनसह त्याच्या चकत्या केलेल्या असतात.

भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या बॅजच्या कार्डावर अशा तीन चकत्या बसवतात. एकीसमोर धातूची गाळणी, दुसरीसमोर प्लॅस्टिकची, तिसरी उघडी. किरण पडले की स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि अडकून बसतात. तीन महिन्यांनी कार्ड प्रयोगशाळेत जाते, सुमारे 285 अंश सेल्सिअसला तापवले जाते. अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि अंधूक उजेड पडतो. तो मोजला की मात्रा कळते. तिन्ही चकत्यांच्या उजेडातला फरक किरणांची जात सांगतो. वाचून झालेले कार्ड पुन्हा वापरता येते.

अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत 100 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 अशी मर्यादा घातली आहे. तीन महिन्यांच्या एका कालावधीत नोंद 10 च्या वर गेली, की चौकशी लागते. अनेकदा निघते काय, तर बॅज एप्रनला तसाच लावून एक्स-रे खोलीत टांगलेला! उलट, ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या बॅजची नोंद जवळजवळ शून्य येते आणि तिची शंका कोणालाच येत नाही. मला दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो.

बॅज किरण अडवत नाही. ते काम शिशाच्या एप्रनचे. म्हणून बॅज छातीवर, पण एप्रनच्या आत लावायचा. एप्रनची घडी घालायची नाही, हँगरवर टांगायचा. घडीवर आतला थर तडकतो आणि बाहेरून काही दिसत नाही. सर्वांत स्वस्त उपाय अंतराचा: अंतर दुप्पट केले की मात्रा साधारण चौथाईवर येते. वॉर्डात फिरते यंत्र नेल्यावर बटणाची वायर पूर्ण ताणून मागे सरकायचे ते यासाठीच. रडणाऱ्या मुलाला धरायची वेळ आली, तर रोज तिथेच काम करणाऱ्या सिस्टरने धरू नये. एप्रन घालून नातेवाइकाने धरावे. त्याच्यावर ही वेळ एखाद-दोनदाच येते.